विंडोजच्या कॅल्क्युलेटरमधला ‘प्रोग्रामर’ प्रकार कसा वापरावा

बेरीज-वजाबाकीसाठी आपण विंडोजवर जो कॅल्क्युलेटर उघडतो, त्याच खिडकीत प्रोग्रामरसाठी केलेला आणखी एक कॅल्क्युलेटर आहे, आणि वर्षानुवर्षे कोड लिहिणाऱ्या अनेकांनी तो एकदाही नीट उघडून पाहिलेला नसतो. विंडोजमध्ये कॅल्क्युलेटर १९८५ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. ‘प्रोग्रामर’ हा स्वतंत्र प्रकार मात्र २००९ साली विंडोज ७ बरोबर आला; त्याआधी हेक्स (सोळाच्या पायावरील संख्या) आणि बायनरीची (दोनच्या पायावरील संख्या) बटणे ‘सायंटिफिक’ प्रकारातच होती. मार्च २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने या कॅल्क्युलेटरचा संपूर्ण सोर्स कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर खुला केला, त्यामुळे तो आतून नेमके काय करतो हे आता कोणालाही वाचता येते. या लेखात त्याची बटणे एकेक करून सांगण्यापेक्षा, तो हाताळताना कोणता विचार आधी करावा आणि कोणत्या ठिकाणी हमखास चूक होते, यावर भर दिला आहे.

कॅल्क्युलेटर उघडल्यावर डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातील तीन आडव्या रेघांवर क्लिक करून ‘प्रोग्रामर’ निवडावे, किंवा ऑल्ट आणि ४ या कळा एकत्र दाबाव्यात. आलेख काढण्याचा प्रकार दाखल होण्यापूर्वी हेच काम ऑल्ट आणि ३ या कळांनी होत असे, म्हणून जुन्या पुस्तकांत तो आकडा दिसल्यास गोंधळू नये. आणखी एक सूचना आधीच करतो: हेक्समधील ए ते एफ ही अक्षरे टंकण्यासाठी कळफलक इंग्रजीवर असला पाहिजे. दिवसभर मराठी टंकणाऱ्याचा कळफलक बहुधा मराठीवरच राहिलेला असतो आणि मग ‘अक्षरे का उमटत नाहीत’ या शोधात वेळ जातो. या लेखात ती अक्षरे देवनागरीत लिहिली आहेत. टंकताना रोमन अक्षरे वापरावीत.

आधी पद्धत, मग रुंदी, मग आकडा

खिडकीत उत्तराच्या खाली चार ओळी दिसतात: हेक्स, डेक, ऑक्ट आणि बिन. एकच संख्या सोळाच्या, दहाच्या, आठच्या आणि दोनच्या पायावर कशी दिसते, हे या चार ओळी एकाच वेळी दाखवत असतात. यांतील ज्या ओळीवर आपण क्लिक करतो, ती ओळ टंकण्यासाठी निवडली जाते. तिच्या डाव्या कडेला छोटी रंगीत खूण येते आणि त्या पद्धतीत न बसणारे अंक मंद होतात. ऑक्ट निवडल्यास ८ आणि ९ दाबता येत नाहीत, बिन निवडल्यास ० आणि १ एवढेच उरतात. कळफलकावरून हेच काम एफ५ ते एफ८ या चार कळांनी होते: एफ५ म्हणजे हेक्स, एफ६ म्हणजे दशमान, एफ७ म्हणजे ऑक्टल आणि एफ८ म्हणजे बायनरी. कोडमधून उचललेली हेक्स संख्या थेट चिकटवता येते. तिच्यापुढे शून्य आणि एक्स हा उपसर्ग असला तरी हेक्सची ओळ निवडलेली असताना कॅल्क्युलेटर तो समजून घेतो.

ओळ निवडल्याशिवाय आकडा टंकू नये, हा नियम मी एका चुकीतून शिकलो. लिनक्स सर्व्हरवर चालणाऱ्या एका पायथन स्क्रिप्टमध्ये नवीन फोल्डरला ७५५ ही परवानगी द्यायची होती. परवानग्यांचे हे आकडे ऑक्टल असतात, म्हणून पायथनमध्ये त्यांच्यापुढे शून्य आणि ओ लिहावे लागते. मी नुसते ७५५ लिहिले. पायथनने कोणतीही तक्रार न करता तो दशमान आकडा म्हणून घेतला, फोल्डर तयार झाले, आणि ते ज्या वापरकर्त्याच्या मालकीचे होते त्यालाच त्यातील फाइलींची यादी मिळेना. बराच वेळ मी मालकी, गट, पाथ हेच तपासत बसलो. शेवटी कॅल्क्युलेटर उघडला, डेकच्या ओळीत ७५५ टंकले आणि ऑक्टच्या ओळीकडे पाहिले: तिथे १३६३ होते. पुढचा १ म्हणजे स्टिकी बिट नावाची जादाची खूण, त्यानंतरचा ३ म्हणजे मालकाला लिहिण्याची आणि आत शिरण्याची मुभा, पण वाचण्याची नाही. त्याहून गंभीर गोष्ट शेवटच्या ३ मध्ये होती, कारण त्या अंकाने इतर सर्व वापरकर्त्यांना त्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी दिली होती. ज्याला खरे ७५५ हवे आहे त्याने ऑक्ट निवडून ते टंकावे. डेकच्या ओळीत ४९३ दिसेल, आणि पायथनला दशमानातच द्यायचे असेल तर तो आकडा द्यावा लागला असता.

दुसरी निवड रुंदीची. बटणांच्या वर ‘क्यूवर्ड’ असे लिहिलेले एक बटण असते. ते दाबत गेल्यास क्यूवर्ड, डीवर्ड, वर्ड आणि बाइट असे चार शब्द क्रमाने येतात, म्हणजेच ६४, ३२, १६ आणि ८ बिट (बिट म्हणजे ० किंवा १ चे एक घर). कळफलकावर यांसाठी एफ१२, एफ२, एफ३ आणि एफ४ या कळा आहेत. कागदावर आपण संख्या लिहितो तेव्हा ती हवी तेवढी लांब होऊ शकते. संगणकात मात्र प्रत्येक संख्या ठरावीक मापाच्या डब्यात ठेवलेली असते, आणि डबा बदलला की संख्येचा अर्थही बदलू शकतो. हे एकदा डोळ्यांनी पाहावे. क्यूवर्ड निवडलेले असताना दशमानात २०० टंकावे आणि एफ४ दाबून बाइटवर यावे. डेकच्या ओळीत उणे ५६ दिसेल. हेक्सच्या ओळीत सी८ तसेच राहते, बायनरीत ११००१००० हे आठ बिटही तसेच राहतात. बदलते ते एवढेच की सर्वांत डावीकडचा बिट आता चिन्हाचा बिट ठरतो आणि २०० मधून २५६ वजा होतात.

आता एफ१२ दाबून पुन्हा क्यूवर्डवर जावे. २०० परत येत नाहीत. उणे ५६ कायम राहते आणि हेक्सच्या ओळीत सी८ च्या आधी चौदा एफ उभे राहतात, कारण रुंदी वाढवताना कॅल्क्युलेटर चिन्हाचा बिट डावीकडे पसरवतो. सी भाषेत चिन्हासह असलेला आठ बिटांचा चल मोठ्या प्रकारात टाकल्यावर नेमके हेच होते. नेटवर्कवरून किंवा सेन्सरकडून आलेला बाइट अनपेक्षितपणे ऋण का झाला, हा प्रश्न पडलेल्याला या तीन कळांत उत्तर मिळते. म्हणून मूळ संख्या सांभाळायची असेल तर रुंदी कमी करण्यापूर्वी कंट्रोल आणि एम दाबून ती मेमरीत ठेवावी. कंट्रोल आणि आर दाबल्यावर ती परत मिळते.

डीवर्डमध्ये करून पाहण्यासारखा आणखी एक प्रयोग आहे. हेक्सच्या ओळीत ७ आणि त्यापुढे सात एफ टंकावेत. दशमानात २१४७४८३६४७ दिसेल. त्यात १ मिळवून बरोबरचे चिन्ह दाबले की उत्तर उणे २१४७४८३६४८ येते. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या चिन्हयुक्त संख्येत मोजणाऱ्या प्रणालींसाठी हा क्षण १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झाल्यानंतरच्या सेकंदाला येणार आहे. तेव्हा त्यांचे घड्याळ डिसेंबर १९०१ दाखवू लागेल.

बिटांचा तक्ता

बटणांच्या वरच्या पट्टीत दोन छोटी चित्रे असतात. पहिले नेहमीच्या अंकांच्या बटणांचे आणि दुसरे ठिपक्यांचे. दुसऱ्यावर क्लिक केल्यास बटणे जाऊन चौसष्ट बिटांचा तक्ता येतो. चार-चार बिटांचे गट, प्रत्येक गटाखाली त्याच्या सर्वांत उजव्या बिटाचा क्रमांक, आणि प्रत्येक बिटावर क्लिक करून ० चा १ किंवा १ चा ० करण्याची सोय. लहान रुंदी निवडलेली असल्यास डब्याबाहेरचे बिट मंद होतात. माझ्या मते या कॅल्क्युलेटरचा सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. मायक्रोकंट्रोलरच्या (उपकरणांत बसवलेल्या छोट्या संगणक-चिपच्या) माहितीपत्रकात ‘अमुक रजिस्टरचा (चिपमधील एका साठवण-घराचा) बिट ५ चालू करा’ असे लिहिलेले असते, तेव्हा मनात दोनाचे घात मोजत बसण्याची गरज नसते. तक्त्यावर बिट ५ दाबावा आणि हेक्सची ओळ वाचावी. बिटांची मोजणी शून्यापासून आणि उजवीकडून सुरू होते, हे मात्र विसरू नये.

तक्त्याची सवय होण्यासाठी हेक्समध्ये ४१ टंकावे. हा रोमन लिपीतील मोठ्या ए चा क्रमांक आहे. तक्त्यावर बिट ५ दाबला की ६१ होते, म्हणजे लहान ए. त्या लिपीतील कोणत्याही मोठ्या अक्षराचे लहान अक्षर एवढ्या एकाच बिटाने होते.

मास्क आणि शिफ्ट: ‘ळ’ हे अक्षर बाइटांत कसे बसते

‘बिटवाइज’ या यादीत अँड, ऑर, नॉट, नँड, नॉर आणि एक्सऑर या क्रिया आहेत. कळफलकावर अँड, ऑर, नॉट आणि एक्सऑर यांची चिन्हे सी भाषेतलीच आहेत, म्हणून कोड लिहिणाऱ्याला ती वेगळी शिकावी लागत नाहीत. डावीकडच्या आणि उजवीकडच्या शिफ्टसाठी, म्हणजे बिट बाजूला सरकवण्यासाठी, लहान-मोठ्याचे एकेरी चिन्ह वापरावे. या क्रियांचा अर्थ कोरड्या व्याख्यांपेक्षा एका खऱ्या कामातून चांगला कळतो, आणि मराठी मजकूर हाताळणाऱ्याला उपयोगी पडेल असे काम म्हणजे युनिकोड क्रमांकावरून (प्रत्येक अक्षराला दिलेल्या ठरावीक क्रमांकावरून) यूटीएफ-८ चे, म्हणजे तो क्रमांक साठवण्याच्या पद्धतीचे, बाइट काढणे.

देवनागरीला युनिकोडमध्ये हेक्स ९०० ते ९७एफ अशी १२८ जागांची पट्टी मिळालेली आहे. ‘ळ’ चा क्रमांक त्यात ९३३ आहे, दशमानात २३५५. या पट्टीतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. पहिला बाइट १११० ने सुरू होतो आणि त्यात मूळ क्रमांकाचे चार बिट मावतात. दुसरा आणि तिसरा १० ने सुरू होतात आणि त्यांत प्रत्येकी सहा बिट मावतात. म्हणजे ९३३ चे सोळा बिट घेऊन ते चार, सहा आणि सहा असे तोडायचे आहेत.

रुंदी क्यूवर्डवर आणि ओळ हेक्सवर ठेवून ९३३ टंकावे आणि लगेच मेमरीत साठवावे, कारण हा आकडा तीनदा लागणार आहे. आता उजवा शिफ्ट निवडून त्यापुढे सी टंकावे. सी म्हणजे दशमानातील बारा; हेक्सच्या ओळीत असताना शिफ्टचा आकडाही हेक्समध्येच द्यावा लागतो, आणि इथे १२ टंकले तर संख्या अठरा घरे सरकते. उत्तर शून्य येते. त्याला ई० बरोबर ऑर केले, म्हणजे दोहोंपैकी कोणत्याही एकात चालू असलेले बिट चालू ठेवले, की पहिला बाइट मिळतो: ई०. मग मेमरीतून ९३३ परत आणून सहा घरे उजवीकडे सरकवावेत, उत्तर २४. त्यावर ३एफ ने अँड करावे. ३एफ मध्ये खालचे सहा बिट चालू आणि बाकीचे बंद असतात, त्यामुळे अँड केल्यावर फक्त तेवढेच सहा बिट शिल्लक राहतात. अशा संख्येलाच मास्क म्हणतात. इथे २४ तसेच राहते. ८० बरोबर ऑर केल्यावर दुसरा बाइट ए४. तिसऱ्यांदा ९३३ आणून, न सरकवता, ३एफ ने अँड केले की ३३ उरतात, आणि ८० बरोबर ऑर केले की बी३. ‘ळ’ चे तीन बाइट असे: ई०, ए४, बी३.

प्रत्येक टप्प्यावर बरोबरचे चिन्ह दाबून पुढे जावे, असा माझा आग्रह आहे. या प्रकारात कॅल्क्युलेटर क्रियांचा अग्रक्रम पाळतो, म्हणजे २ अधिक ३ गुणिले ४ चे उत्तर १४ येते. पण बेरीज, शिफ्ट आणि अँड एकाच ओळीत आल्यावर कोण आधी, याबाबत आपण वापरत असलेल्या भाषेचे आणि कॅल्क्युलेटरचे नियम तेच असतील असे गृहीत धरू नये. एका ओळीतच हवे असेल तर कंस घालावेत.

उलटा प्रवासही तितकाच उपयोगी आहे. एखाद्या फाइलच्या हेक्स डंपमध्ये, म्हणजे तिच्या बाइटांच्या हेक्स यादीत, ई० ए४ बी३ दिसले, तर ए४ आणि ३एफ यांचे अँड २४ येते, ते सहा घरे डावीकडे सरकवले की ९०० होते, बी३ आणि ३एफ यांचे अँड ३३ येते, आणि दोन्ही ऑर केल्यावर ९३३ मिळते. पहिल्या बाइटचे खालचे चार बिट शून्यच असल्याने त्याचे काही करावे लागत नाही. अशी दोन-चार अक्षरे हाताने सोडवली की डंप वाचताना नजर आपोआप बसते. ९३एफ ही ऱ्हस्व वेलांटी आहे आणि तिचा दुसरा बाइट ए४ येतो. लगेच पुढची ९४० ही दीर्घ वेलांटी, आणि तिचा दुसरा बाइट ए५ होतो. देवनागरीची पट्टी चौसष्ट-चौसष्टच्या दोन भागांत जिथे तुटते ती जागा बरोबर या दोन वेलांट्यांच्या मध्ये आहे. ‘नमस्कार’ या शब्दात न, म, स, हलन्त, क, काना आणि र अशी सात चिन्हे आहेत, म्हणून तो २१ बाइट घेतो. बाइटांवर मर्यादा घातलेल्या रकान्यात मराठी नाव मध्येच का तुटते आणि शेवटी चौकोन का उमटतो, याचे कारण हेच: कापणी तीनच्या पटीत झालेली नसते.

शिफ्टच्या बाबतीत एक निवड मुद्दाम पाहून घ्यावी. ‘बिटशिफ्ट’ या यादीत अरिथमेटिक, लॉजिकल आणि दोन प्रकारचे रोटेट असे चार पर्याय आहेत. धन संख्या उजवीकडे सरकवताना पहिल्या दोहोंत फरक दिसत नाही, म्हणून लोक ती यादी उघडतच नाहीत. बाइट रुंदीत हेक्स एफ८, म्हणजे उणे ८, घ्यावे आणि एक घर उजवीकडे सरकवावे. अरिथमेटिकमध्ये डावीकडून चिन्हाचा बिट आत येतो आणि एफसी, म्हणजे उणे ४ मिळते. लॉजिकलमध्ये शून्य आत येतो आणि ७सी, म्हणजे १२४ मिळते. जावामध्ये दुहेरी आणि तिहेरी चिन्हांच्या शिफ्टमध्ये जो भेद आहे तो हाच. रोटेटमध्ये एका कडेने बाहेर पडलेला बिट दुसऱ्या कडेने आत येतो. बाइटमध्ये हेक्स ८१ डावीकडे फिरवल्यास ३ मिळते.

बाकीच्या क्रियांची एकेक ओळखीची जागा सांगून पुढे जातो. नेटवर्कच्या पत्त्याचा शेवटचा भाग ७७ आणि मास्कचा शेवटचा भाग १९२ असेल, तर दोघांचे अँड ६४ हा त्या जाळ्याचा पत्ता, आणि ६४ व ६३ यांचे ऑर १२७ हा ब्रॉडकास्टचा, म्हणजे जाळ्यातील सर्वांना एकदम पाठवण्याचा, पत्ता. एक्सऑरचा उपयोग दोन मूल्यांतील फरक शोधण्यासाठी करावा: ऑक्टलमध्ये ६४४ आणि ७५५ यांचे एक्सऑर १११ येते, म्हणजे फरक फक्त तिघांच्या ‘चालवण्याच्या’ परवानगीचा आहे. नॉट प्रत्येक बिट उलटा करते, म्हणून ते वापरताना रुंदीकडे पाहावे. ३एफ चे नॉट बाइटमध्ये सी० दिसते, क्यूवर्डमध्ये त्याच्याआधी एफची रांग लागते. ५००० बाइटांना मेमरीच्या ४०९६ बाइटांच्या पानांत बसवायचे असेल, तर ५००० मध्ये ४०९५ मिळवून आलेल्या ९०९५ वर नॉट ४०९५ ने अँड करावे. उत्तर ८१९२, म्हणजे दोन पाने.

जे इथे होत नाही

या प्रकारात दशांश चिन्ह चालत नाही. ७ भागिले २ चे उत्तर ३ येते आणि उरलेला १ हवा असल्यास टक्क्याच्या चिन्हाची कळ वापरावी, कारण इथे ती बाकी काढते. ऋण संख्यांच्या बाबतीत सावध राहावे: उणे ७ भागिले २ उणे ३ येते आणि बाकी उणे १, जशी ती सी मध्ये येते. पायथनमध्ये हीच उत्तरे उणे ४ आणि १ अशी येतात. पायथनचा कोड या कॅल्क्युलेटरवर पडताळणाऱ्याने ही तफावत चूक समजू नये. रुपये-पैशांचा किंवा टक्केवारीचा हिशेब असेल तर ऑल्ट आणि १ दाबून साध्या प्रकारात जावे.

मॅकवरील कॅल्क्युलेटरमध्ये आणि लिनक्सवरील ग्नोम कॅल्क्युलेटरमध्येही प्रोग्रामरसाठी असा प्रकार आहे, पण रुंदी निवडण्याची आणि चिन्ह दाखवण्याची रीत प्रत्येक ठिकाणी सारखी असेलच असे नाही. नव्या संगणकावर काम सुरू करताना वर सांगितलेले दोन प्रयोग, म्हणजे २०० ला आठ बिटांत नेणे आणि हेक्स एफ८ एक घर उजवीकडे सरकवणे, आधी करून पाहावेत. तो कॅल्क्युलेटर संख्यांकडे चिन्हासह पाहतो की चिन्हाविना, आणि त्याचा शिफ्ट कोणता आहे, हे अर्ध्या मिनिटात कळते.